बर्लिन आणि कलम १७५

दोन पुरुषांमधले शरीरसंबंध जर्मनीत १८७१ पासून गुन्हा होते. कलम १७५. पण १९२०च्या दशकातल्या बर्लिनमध्ये समलिंगी मंडळींचे बार होते, नाचघरे होती. त्यांची मासिके स्टॉलवर उघड विकली जात. 'एल्डोराडो' क्लब पाहायला तर प्रवासीही गर्दी करत!

डॉ. माग्नुस हिर्शफेल्ड हे कलम रद्द व्हावे म्हणून १८९७ पासून झगडत होते. १९१९मध्ये त्यांनी लैंगिक विज्ञानाची संस्था काढली. गांजलेली माणसे तिथे सल्ल्यासाठी येत. ६ मे १९३३ रोजी नाझी विद्यार्थ्यांनी ती लुटली आणि चार दिवसांनी तिथल्या पुस्तकांची भर चौकात होळी केली. परदेशात असलेल्या डॉक्टरांना ती पॅरिसच्या चित्रपटगृहात, वार्तापटात पाहावी लागली.

१९३५मध्ये नाझींनी कलम आणखी कडक केले. हजारो पुरुष गुलाबी त्रिकोण लावून छळछावण्यांत गेले. हिटलर गेला, पण पश्चिम जर्मनीने ते कडक कलम १९६९पर्यंत तसेच ठेवले. छावणीतून सुटलेल्या काहींना तर उरलेली शिक्षा भोगायला पुन्हा तुरुंगात जावे लागले. भरपाई दूरच.

कलम १९९४मध्ये पुसले गेले. युद्धानंतरच्या शिक्षा रद्द व्हायला मात्र २०१७ उजाडले. तोवर शिक्षा झालेल्यांपैकी बहुतेक जण हयात नव्हते.