शब्दांतले पाणी

इंग्रजीतील लांबलचक शास्त्रीय शब्द समोर आले, की पुष्कळ मुलांची छाती दडपते. मग ती ते शब्द घोकतात आणि परीक्षा संपताच विसरून जातात. माझ्या मते असा शब्द घोकण्यापूर्वी फोडून पाहावा. त्याचे अवयव ओळखीचे झाले, की त्याची भीती उरत नाही.

फार वर्षांपूर्वी सांगली जिल्ह्यातील एका शाळेत मी शिकवीत होतो. एका विद्यार्थ्याने वाचताना 'हायड्रॉमिटर' हा शब्द 'हायड्रो-मीटर' असा तोडून वाचला. पुढच्या बाकांवरची मुले हसली. मी त्यांना विचारले, "बरे, या उपकरणाचा उपयोग काय?" एकालाही सांगता येईना. तेव्हा मान खाली घालून उभा असलेला तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, माझे वडील साखर कारखान्यात आहेत. तिथे उसाच्या रसात ती काचेची नळी सोडतात. रस दाट असला की नळी वर तरंगते, पातळ असला की खाली जाते." ज्याचा उच्चार चुकला होता, त्यालाच अर्थ ठाऊक होता!

प्राचीन ग्रीक भाषेत पाण्याला साधारणपणे 'हुदोर' असा शब्द होता. इंग्रजी शब्दांच्या आरंभी तो 'हायड्रो' होऊन येतो. 'हायड्रोफोबिया' म्हणजे पाण्याची भीती. पिसाळलेले कुत्रे चावून रोग जडलेल्या माणसाला पाणी गिळवत नाही. ते पाहताच त्याच्या घशाला आचके येतात. म्हणून त्या रोगाला हे नाव मिळाले. ट्रॅक्टरची ट्रॉली उचलणाऱ्या 'हायड्रॉलिक' यंत्राच्या नावात 'पाणी' आणि 'नळी' असे दोन ग्रीक शब्द आहेत. आज त्या यंत्रात तेल खेळते. नावातले पाणी मात्र आटलेले नाही.

आपली कोयना महाबळेश्वरी उगम पावते आणि कऱ्हाडला कृष्णेस मिळून सांगलीकडे जाते. सातारा जिल्ह्यात तिला धरण बांधून अडविलेले पाणी सह्याद्रीच्या पोटातील बोगद्यांतून पश्चिमेकडे पोफळीला नेले आणि तेथे 1962 साली वीजनिर्मिती सुरू झाली. अशा प्रकल्पास इंग्रजीत 'हायड्रोइलेक्ट्रिक' म्हणतात, आपण 'जलविद्युत' म्हणतो. भाषा दोन, पण शब्दाची घडण एकच.

याहून नवलाची गोष्ट 'हायड्रोजन' या शब्दाची. हा वायू जळला, की पाणी तयार होते. म्हणून लाव्हाझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1787 साली त्याला 'पाणी उत्पन्न करणारा' या अर्थाचे नाव दिले. मराठीत त्याला 'उदजन' असा प्रतिशब्द आहे. त्यातील 'उद' म्हणजे पाणी. 'उदक', 'उदधी' हे शब्द आपल्या परिचयाचे आहेतच. भाषाशास्त्र सांगते, की हा 'उद' आणि ग्रीकांचा 'हुदोर' एकाच कुळातले आहेत. आपला 'जन' आणि त्यांचा 'जेन' हीदेखील भावंडेच. ज्याला आपण परका समजून भीत होतो, तो दूरचा नातलग निघाला!

आता उच्चाराविषयी. मराठीत आपण शब्दातील सर्व अक्षरे बहुधा सारख्याच जोराने उच्चारतो. इंग्रजीत एखाद्याच अवयवावर विशेष जोर पडतो. 'हायड्रोजन' म्हणताना तो 'हाय'वर असतो. 'हायड्रॉमिटर' आणि 'हायड्रॉलॉजी' म्हणताना तो 'ड्रॉ'वर सरकतो. उपसर्ग तोच, पण जोराची जागा बदलते आणि आपली जीभ अडखळते. यात लाजण्यासारखे काही नाही. कोश पाहावा, जाणत्याचे ऐकावे आणि मोठ्याने म्हणून पाहावे.

उच्चार शुद्ध असावा, याविषयी माझ्या मनात संशय नाही. परंतु दुसऱ्याच्या उच्चाराला हसणाऱ्याने आधी आपल्याला अर्थ ठाऊक आहे काय, हे तपासावे. त्या मुलाने आपला उच्चार त्याच तासाला सुधारला. हसणाऱ्यांना मात्र हायड्रॉमिटर म्हणजे काय, हे त्याच्याकडूनच शिकावे लागले.