बाईंचा फळा : जपानी की जर्मन?



"बाई, जपानी शिकू की जर्मन?" माझा एक जुना विद्यार्थी विचारत होता.

"तुला काय आवडतं?"

"मित्राने जर्मनचा क्लास लावलाय!"

अरे, डी.एड.ला असताना मीही मैत्रिणीच्या नादाने जर्मन घेतलं नि दोन महिन्यांत सोडलं! आवड आपली हवी. याला वेड जपानी कॉमिक्सचं. मग जपानीच शीक की!

'मी पुस्तक वाचतो' म्हणजे 'वाताशी वा होन ओ योमिमास'. बघा, क्रियापद मराठीसारखंच शेवटी!

हिरागाना लिपीची मूळ अक्षरं ४६. रोज पाच गिरवली, तर दहा दिवसांत संपतील. पण आधीची विसरलात तर? म्हणून रोज आधी जुनी न बघता लिहायची, मगच नवी घ्यायची.

काय, आहे कबूल?

तुमच्या बाई