जर्नलवर सही झाली, प्रोग्रॅमचे काय?

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या संगणक अभ्यासमंडळांचे अध्यक्ष व सदस्य यांस,



अभ्यासक्रमात पायथन आणा, मशीन लर्निंग आणा, अशी मागणी करायला हे पत्र लिहिलेले नाही. ती भर तुम्ही घालतच असता. डेटा स्ट्रक्चर्स, ऑपरेटिंग सिस्टिम, कम्पायलर हे विषय तर मुळीच काढू नका. कंपन्यांना आज हवे असते ते उद्या शिळे होते, हे विषय होत नाहीत. माझी तक्रार परीक्षेबद्दल आहे.

प्रॅक्टिकलला विद्यार्थी चिठ्ठी उचलतो. तिच्यावरचा प्रोग्रॅम जर्नलमध्ये आधीच उतरवलेला आणि पाठ केलेला असतो. तो टाइप करायचा, आउटपुट दाखवायचे, दोन तोंडी प्रश्न, संपले. लेखी पेपरात तर कोड कागदावरच लिहायचा. तो चालतो की नाही, हे कुणालाच कळत नाही.

काही प्रयोगशाळांत अजूनही टर्बो सी++ आहे. बोर्लंडने ते 1990 साली काढले. सी++चे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले 1998 साली. म्हणजे भाषेचे नियम पक्के होण्याआधीचा कम्पायलर, तोही डॉसबॉक्सच्या कुबड्यांवर. तिथे शिकलेली मुलगी घरी नवा कम्पायलर टाकते आणि ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ सापडत नाही, अशी एरर पहिल्याच ओळीला येते. (एरर वाचायची कशी, हे कोणत्या युनिटमध्ये आहे?)

नोकरीत कोरी फाइल क्वचितच मिळते. कुणीतरी लिहून ठेवून गेलेला हजारो ओळींचा कोड समोर येतो आणि त्यातले एक बिघडलेले ठिकाण शोधायचे असते. म्हणून मुलाखतीत मी दोनेकशे ओळींचा, एक चूक असलेला प्रोग्रॅम देतो. बबल सॉर्ट धडाधड लिहिणारी, उत्तम सीजीपीएची मुले तिथे अडतात. दुसऱ्याचा कोड वाचायची वेळ त्यांच्यावर कधी आलेलीच नसते.

हे आपल्याकडेच आहे असेही नाही. एमआयटीत 2020च्या जानेवारीत शेल, डीबगिंग आणि गिट शिकवणारा ‘मिसिंग सेमिस्टर’ नावाचा वर्ग तिथल्याच संशोधक विद्यार्थ्यांनी काढला. साहित्याची वाण आपल्यालाही नाही. मुंबईच्या आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही फुकट मिळतात.

तेव्हा दोनच गोष्टी करा. जर्नल गिटवर घ्या. गिट 2005 पासून फुकट आहे आणि काम टप्प्याटप्प्याने कसे झाले, याची नोंद त्यात राहते. सबमिशनच्या आदल्या रात्री एका दमात उतरवलेले सगळे प्रयोग बहुधा लगेच ओळखू येतील. आणि प्रॅक्टिकलचे निम्मे गुण मोडका प्रोग्रॅम दुरुस्त करण्याला द्या.

असे पेपर काढायला आणि तपासायला वेळ लागेल. तासिका तत्त्वावर दोन-तीन कॉलेजांत धावणाऱ्या प्राध्यापकांकडून तो फुकट मागणे अन्याय होईल. म्हणून परीक्षकांचे मानधन आणि एका बॅचमधली मुलांची संख्या, या दोन्हींची शिफारसही त्याच ठरावात घालून वर पाठवा.

आपला,
हिंजवडीतला एक प्रोग्रॅमर