पंखा मोडला कशाने?

मंडळी, हापिसातल्या प्रेझेंटेशनांमध्ये 'जुगाड' या शब्दाला हल्ली फार बरे दिवस आलेत. वॉशिंग मशीनमध्ये घुसळलेली लस्सी, मोटारसायकलच्या इंजिनावर चालणारा पंप असे दोन-चार फोटो दाखवायचे आणि "आपले लोक बघा किती इनोव्हेटिव्ह!" म्हणून टाळ्या घ्यायच्या. दुसरीकडे असाही एक गट आहे की ज्यांना स्क्रू ड्रायव्हर हातात धरणं हाच कमीपणा वाटतो. बिघडलं की ॲपवरून माणूस बोलवा, नाहीतर नवीन घ्या. मला हे दोन्ही गट पटत नाहीत. का पटत नाहीत ते सांगायला या वीकांताला मी एक अगदी किरकोळ वस्तू निवडली आहे. छोट्या ट्रॅक्टरच्या रेडिएटरमागे फिरणारा प्लॅस्टिकचा पंखा.

ज्यांचा ट्रॅक्टरशी संबंध फक्त हायवेवर त्याच्या मागे अडकण्यापुरता आलाय त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. नाशिककडे द्राक्षबागेत चालतात ते ट्रॅक्टर बुटके आणि अरुंद असतात, वेलींच्या दोन ओळींमधून सुटतील असे. वीस हॉर्सपॉवरचं इंजिन म्हणजे साधारण पंधरा किलोवॅट. डिझेल जाळून जी ऊर्जा मिळते तिचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामाला येतो, तेवढाच धुराबरोबर जातो आणि उरलेल्यातला बराचसा पाण्यावाटे रेडिएटरमध्ये येतो. म्हणजे इंजिन पूर्ण ताकदीने चालतं तेव्हा आपल्या बाथरूममधले सहा-सात गीझर एकदम चालू केल्याएवढी उष्णता त्या जाळीतून बाहेर काढायची असते. गाडी हायवेवर ऐंशीने पळते तेव्हा समोरचा वाराच हे काम करतो. ट्रॅक्टर बागेत चालतो माणसाच्या चालीने. त्याला वारा कुठला? जे काही आहे ते हा पंखाच. इंजिनच्या पट्ट्यावर बसलेला, इंजिन चालू आहे तोवर गरगरणारा.

आता प्रसंग. २०२४ चा नोव्हेंबर, दिंडोरी तालुक्यातली मामांची बाग. ऑक्टोबर छाटणी होऊन महिनाभर झालेला, वेली फुलोऱ्याच्या तोंडावर आणि हवा ढगाळ. बागाईतदाराला विचारा, या दिवसांत त्याला डावणीच्या भीतीने झोप लागत नाही. पानं रात्रभर ओली राहिली की सकाळी ब्लोअर जोडून फवारणीला निघायचंच, उद्यावर टाकता येत नाही. आणि नेमकं त्याच शुक्रवारी संध्याकाळी ट्रॅक्टरमधून 'फाट्' असा आवाज आला आणि पुढचा भाग थरथरायला लागला. सहा पात्यांपैकी एक पातं मुळापासून गेलं होतं. नशीब एवढंच की ते रेडिएटरच्या जाळीत न घुसता खाली पडलं.

मी शनिवारी सकाळी पोचले तेव्हा शेडमध्ये चर्चासत्र रंगलं होतं. एक मत असं की तुकडा सापडलाय तर एमसील लावून चिकटवा. दुसरं मत जास्त अनुभवी माणसाचं: समोरासमोरचं पातं करवतीने कापा, बॅलन्स होतंय, दोन सीझन चालेल. वितरकाला फोन करून झाला होता. "सोमवारी बुकिंग, बुधवारी पार्ट." (ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा ते सांगत नाही, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळतं.) मामा मला म्हणाले, "तू इंजिनियर ना गं, सांग मग काय करायचं?" आता आपण सॉफ्टवेअरवाले. पण बारावीचं फिजिक्स कुठे जात नाही.

पंख्याचा व्यास बत्तीस सेंटिमीटर. म्हणजे परीघ एक मीटर. इंजिन २,४०० आरपीएमला, पंखाही जवळपास तेवढाच फिरतो असं धरा. सेकंदाला चाळीस फेरे. म्हणजे पात्याचं टोक सेकंदाला चाळीस मीटर, अर्थात ताशी १४४ किलोमीटर वेगाने चाललंय, आपल्यापासून हातभर अंतरावर. तुटलेला तुकडा काट्यावर ठेवला तर वीस ग्रॅम भरला. मध्यापासून बारा सेंटिमीटरवर असलेल्या या वीस ग्रॅमला त्या वेगात बाहेर ओढणारा जोर निघतो सुमारे १५० न्यूटन. सोप्या भाषेत, पंधरा किलोची गोणी त्या जोडाला टांगल्यासारखं. तेही नव्वद अंशांच्या आसपास तापलेल्या इंजिनाशेजारी, सतत थरथरत. एमसील पाण्याच्या टाकीला झकास आहे हो, पण टाकी गरगरत नाही. शिवाय असल्या पंख्याचं प्लॅस्टिक बऱ्याचदा नायलॉन नाहीतर पॉलिप्रॉपिलीन असतं, आणि पॉलिप्रॉपिलीनला तर साधा गोंद धड धरतच नाही.

बरं, न चिकटवता तसंच चालवलं तर? मग तीच पंधरा किलोची ओढ एका बाजूने वॉटर पंपाच्या बेअरिंगवर सेकंदाला चाळीस वेळा दिशा बदलत बसते. पंखा काहीशे रुपयांचा, पंप त्याच्या कितीतरी पट आणि पंप गेल्यावर इंजिन तापून हेड वाकलं तर सीझनच गेला.

समोरचं पातं कापायची युक्ती मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. ती काढणाऱ्या माणसाला डायनॅमिक्स कळतं, फक्त तो त्याला तसं म्हणत नाही. सहा पात्यांत समोरासमोर जोडी असते म्हणून ती जमते (पाच किंवा सात पात्यांच्या पंख्यात बरोबर समोर पातंच नसतं!). शेतात अडकलात आणि कमी आरपीएमवर हळूहळू घरी यायचंय, तर ठीक आहे. वेग निम्मा केला की ओढ पाव होते. पण फवारणीत पीटीओ ५४० वर ठेवायचा म्हणजे इंजिन जोरातच पळवावं लागतं, चाल मंद आणि पंख्याची हवा तर दोन पाती गेल्याने कमी झालेली. आणि उरलेली चार पातीही त्याच वयाची, तेवढीच उन्हातापात कडक झालेली.

पण खरी गंमत पुढे आहे. या सगळ्या चर्चेत पातं मुळात तुटलं कशाने, हे एकानेही विचारलं नव्हतं. आपल्याकडे सर्व्हर पडला की आधी रीस्टार्ट मारतात आणि मग रूट कॉजच्या मीटिंगमध्ये सगळे छताकडे बघतात, तसंच. नवीन पंखा आणून बसवणं हीसुद्धा एक प्रकारची रीस्टार्टच. पंख्यासारखी वस्तू उगाच तुटत नाही. पंपाच्या बेअरिंगला खेळ आलेला असतो, किंवा एखादी तार नाहीतर छाटणीची काडी आत शिरलेली असते, किंवा पातं कुठेतरी घासत असतं.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली (अल्टरनेटरच्या जाड वायरला पाना टेकला तर दिवाळी होते) आणि पंखा हाताने धरून पुढेमागे, वरखाली हलवला. खेळ नाही. पंपाखालच्या बारीक भोकातून कूलंट गळल्याचे डागही नाहीत. मग पंख्याभोवती जे प्लॅस्टिकचं कडं असतं त्यात आणि पात्याच्या टोकात बोट घालून बघितलं. खाली अख्खं बोट जात होतं आणि वर नखही जाईना. कड्याच्या वरच्या काठाला आतून चकचकीत घासल्याची रेघ. रेडिएटर ज्या दोन रबरी गाद्यांवर बसतो त्यांचा पार भुगा झाला होता, त्यामुळे रेडिएटर खाली बसला आणि त्याच्याबरोबर कडंही. पंखा इंजिनावर पक्का, तो जागचा हलत नाही. मग किती महिने ती पाती वरच्या काठाला घासत होती कोण जाणे.

म्हणजे बिघाड पंख्यात नव्हताच. तो होता दोन रबराच्या तुकड्यांत. एमसील लावलं असतं किंवा बुधवारपर्यंत थांबून अस्सल पार्ट टाकला असता, तरी पुढच्या सीझनला पुन्हा 'फाट्'.

बाकीचं काम तसं सरळ होतं. इंजिन थंडच होतं, त्यामुळे टोपण उघडून कूलंट बादलीत काढलं (चवीला गोड पण विषारी असतं, शेडमधल्या कुत्र्याला बांधून ठेवलं), वरचा होज सोडला, रेडिएटर उचलून बाहेर घेतला, जाळीला पुठ्ठा बांधला. पट्टा ढिला केला आणि दहाच्या गोटीने चार बोल्ट काढले की पंखा हातात. त्याच्या मधल्या भागावर पार्ट नंबर कोरलेला होता. तो नंबर सांगत मामेभावाने तीन-चार दुकानांना फोन लावले आणि नाशिकच्या एका स्पेअरच्या दुकानात पंखा शेल्फवर पडलेला सापडला. तो संध्याकाळी घेऊन आला. मधल्या वेळात फवारणी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने झाली. नवा पंखा लावताना मामेभावाने विचारलं, उलटा बसला तर हवा उलटी फेकेल का? नाही फेकणार. स्क्रू उलटा धरला म्हणून त्याचे आटे बदलत नाहीत, तसंच हे. हवा त्याच दिशेला जाते, पण पात्याचा बाक उलटा पडल्याने बरीच कमी. म्हणून जुना कसा होता याचा फोटो आधी काढून ठेवावा.

रबरी गाद्या मात्र दुकानात नव्हत्या. त्या मामांनी जुन्या टायरच्या रबरातून कापल्या, जाडी मोजून, भोकं पाडून. हाही जुगाडच. पण याला माझी हरकत नाही, उलट कौतुक आहे. कारण उद्या ते रबर फाटलं तर रेडिएटर थोडा खाली बसेल, बोट घालून बघितलं तर कळेल. काही उडणार नाही. चिकटवलेलं पातं सुटलं तर ते जाळीत तरी घुसेल किंवा बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडावर तरी येईल. प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या मागणाऱ्यांना आणि नाकं मुरडणाऱ्यांना माझा हाच प्रश्न असतो, की तुमची ही युक्ती जेव्हा फसेल तेव्हा कशी फसेल?

आणि लोक पाती का चिकटवतात? अडाणी आहेत म्हणून? अजिबात नाही. पार्ट यायला चार-पाच दिवस लागतात आणि डावणीला एक रात्र पुरते, म्हणून. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, शेतीची अवजारं पहिल्या चार क्षेत्रांत घेतली, डिसेंबरात पोर्टलही काढलं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदाच केला, जानेवारी २०२४ पासून कंपन्यांनी शेतकऱ्याला पार्ट, मॅन्युअल आणि सॉफ्टवेअरची साधनं देणं तिथे बंधनकारक आहे. त्यांचं भांडण मुख्यतः कुलूपबंद सॉफ्टवेअरशी आहे. मामांच्या ट्रॅक्टरमध्ये सॉफ्टवेअर नावाला नाही, त्यांना हवंय ते फार साधं आहे: सुट्या भागांची चित्रासकट यादी, मराठीत, आणि छाटणी ते फुलोरा या दिवसांत पंखा, पट्टा, होज आणि गाद्या तालुक्याच्या दुकानात हजर. एवढं करायला कसला कायदा हवा? मामांनी तरी आपल्यापुरता प्रश्न सोडवलाय, एक जास्तीचा पंखा आणि पट्टा शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय.

असो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरी गावाला असा ट्रॅक्टर असेल त्यांनी पुढच्या खेपेला गेल्यावर पाच मिनिटं द्या. इंजिन बंद करून, थंड झाल्यावर, पंखा हलवून बघा, चारही बाजूंनी कड्यात बोट घाला, पट्टा मधोमध अंगठ्याने दाबा, साधारण सेंटिमीटरभर दबला पाहिजे. जाळीत पानं आणि औषधाचा निळसर थर बसला असेल तर साध्या पाण्याने, पंख्याच्या बाजूने पुढे असं धुवा. फार जोराचा फवारा मारलात तर जाळीच्या पट्ट्या मुडपतात. आणि हे सगळं करताना किल्ली काढून आपल्या खिशात ठेवा. घरात लहान मुलं असतात, आणि ट्रॅक्टरवर चढली की त्यांचा पहिला हात किल्लीवरच जातो.