सिलिंडर हेडचे नट आणि मिस्त्रीची सदसद्विवेकबुद्धी

अँबॅसेडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. तथापि पुष्कळांनी ती अद्याप जिवापाड जपली आहे. आडगावी रात्री-अपरात्री आजाऱ्यास इस्पितळात न्यावयाचे झाल्यास शेजाऱ्याची अशी जुनी गाडीही मोठा आधार ठरते. अशा गाडीचे इंजिन उघडून पुन्हा जोडताना अतिशय जपून करावयाचे काम म्हणजे सिलिंडर हेडचे नट आवळणे.

हेड व ब्लॉक यांच्यामध्ये पातळ गॅस्केट असते. जळता वायू, पाणी आणि तेल या तिघांस परस्परांपासून दूर ठेवणे हे तिचे कार्य. हेड सर्वत्र सारखे दाबले गेले नाही, तर गॅस्केट फुटते, पाणी तेलात उतरून ते दुधाळ होते, आणि इंजिन तापून हेड वाकण्याचा संभव असतो.

म्हणून प्रथम दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून सरळ पट्टीने त्यांची सपाटी पाहावी. आटे साफ करून त्यांस किंचित तेल लावावे. पाना फिरविण्याच्या जोराचा सुमारे नऊदशांश भाग घर्षणातच खर्ची पडतो. आटे गंजलेले असल्यास टॉर्क पाना पुरा आकडा दाखवितो, परंतु पकड मात्र अपुरीच राहते.

अँबॅसेडरच्या १४८९ घनसेंटिमीटर इंजिनात हेडचे अकरा नट असतात. प्रथम मधले, मग आलटूनपालटून दोन्ही बाजूंचे आणि अखेरीस कडेचे, असा क्रम धरावा. निर्मात्याच्या पुस्तकातील आकडा एकदम न गाठता तीन फेऱ्यांत गाठावा. जुन्या पद्धतीची गॅस्केट तापल्यावर दबून बसते. सबब गाडी थोडी चालविल्यानंतर नट पुस्तकात सांगितल्याप्रमाणे त्याच क्रमाने पुन्हा तपासावे, व मग टॅपेटचे अंतर जुळवावे.

हे काम मालकाच्या दृष्टीस पडत नाही. एखादी फेरी गाळली तरी त्या दिवशी गाडी सुरू होतेच. त्याचे फळ पुढे कधीतरी घाटात, आजारी माणसास घेऊन निघालेल्यांस भोगावे लागते. यास्तव मालकांनीही मिस्त्रीस घाई करू नये.

दर १ मे रोजी आपण श्रमिक संत योसेफ यांचा सण पाळतो. पोप बारावे पायस यांनी तो १९५५ साली नेमून दिला. कोणी पाहत नसताना अकरावा नटही पहिल्याइतक्याच निष्ठेने आवळणारा आपला तरुण मिस्त्री त्या नाझरेथच्या सुताराचा खरा शिष्य होय.