किती किलोची, हे नंतर विचारा. आधी विचारा, टिकेल का? माउंटन बाइक मॅरेथॉनसाठी पार्ट निवडताना ग्रॅम कुठे वाचवायचे आणि कुठे नाही

रविवारी पहाटे साडेपाचला साताऱ्यात समर्थ मंदिर चौकात थांबून बघा. यवतेश्वरच्या घाटाकडे निघालेल्या पाच-सहा सायकली तरी दिसतील. तिकडे सांगली-मिरजेचे गट दंडोबाच्या डोंगराकडे निघालेले असतात. गटात कुणाची नवी सायकल आली की दोन्हीकडे एकच प्रकार होतो. कुणीतरी पुढे येतं, एका हाताने सायकल उचलतं, हवेत तोलतं आणि विचारतं, "किती किलोची?"

"टिकेल का?" असं क्वचितच कुणी विचारतं. माझ्या मते इथेच चूक होते. माउंटन बाइकवर लांब पल्ल्याची शर्यत करायची असेल, तर आपल्या भागात हलकेपणापेक्षा भरवसा आधी आला पाहिजे. ही भावनेची गोष्ट नाही. साधं गणित करून बघता येतं.

मॅरेथॉन माउंटन बाइक म्हणजे काय?

सायकलिंगची जागतिक संघटना यूसीआय या प्रकाराला 'एक्ससीएम' म्हणते. अंतर साधारण ६० ते १६० किलोमीटर. वाट कच्ची, चढ-उतारांची आणि दगडगोट्यांची. छोट्या फेऱ्यांच्या शर्यतीत तोच तोच पट्टा पुन्हा येतो, मदतीची जागा जवळ असते. इथे मात्र तुम्ही आणि सायकल चार-सहा तास एकटे असता. वाटेत एखादा पार्ट गेला तर खांद्यावर सायकल घेऊन चालणं, एवढाच पर्याय उरतो.

एक किलो म्हणजे किती सेकंद?

सातारा ते कास हे अंतर सुमारे २५ किलोमीटर आणि चढाई ढोबळमानाने ५०० मीटर. एक किलो वजन ५०० मीटर वर न्यायला सुमारे ४,९०० ज्यूल ऊर्जा लागते. नियमित सराव करणारा हौशी सायकलस्वार चढावर २०० वॅटची ताकद लावतो असं धरू. ४,९०० भागिले २०० म्हणजे साधारण २५ सेकंद. सायकल एक किलोने हलकी केली तर कासपर्यंत जेमतेम अर्धा मिनिट वाचतो.

आता ८० किलोमीटरची, एकूण २,००० मीटर चढाईची शर्यत धरा. एक किलोमागे सुमारे १ मिनिट ४० सेकंद वाचतील. ट्यूब बदलून हवा भरायला, हात सरावाचे असले तरी, सात-आठ मिनिटं जातात. म्हणजे एका पंक्चरमध्ये जवळपास पाच किलोंची बचत वाया जाते. एवढं वजन सायकलवरून कमी करायला माणूस कर्ज काढेल!

मीही या चुकीतून गेलो आहे. दोन वर्षांपूर्वी हलके म्हणून पातळ भिंतीचे रेसिंग टायर घेतले. कासच्या पुढे बामणोलीच्या उतारावर जांभ्याच्या एका कडेने टायरची बाजू चिरली. मोबाइलला रेंज नव्हती. नऊ किलोमीटर चाललो, तेही सायकलच्या बुटात. त्या दिवशी वाचवलेल्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब पायांनी चुकता केला.

पैसे आधी टायरवर

आपल्याकडे दोन वेगळे प्रदेश आहेत. पूर्वेला माण, खटाव, आटपाडी, जत. तिथे बाभळीचे काटे आणि सराटे. पश्चिमेला कास, ठोसेघर, चाळकेवाडी. तिथे जांभ्याच्या धारदार कडा आणि पावसाळ्यात लाल चिखल. टायर निवडताना आधी तुम्ही जास्त कुठे चालवता ते ठरवा.

सराट्यावर उपाय सोपा आहे: ट्यूबलेस. टायरमधलं सीलंट काट्याचं भोक चालता चालता बुजवतं. २९ इंची माउंटन बाइकची साधी ट्यूब सुमारे २०० ग्रॅमची असते. दोन ट्यूब काढल्या की ४०० ग्रॅम गेले, दोन्ही टायरमध्ये मिळून साधारण २०० ग्रॅम सीलंट आलं. म्हणजे निव्वळ २०० ग्रॅमची बचत, वर पंक्चरही कमी. हलकेपणा आणि भरवसा एकाच वेळी मिळण्याची अशी संधी सायकलमध्ये फार कमी ठिकाणी आहे. फक्त आपल्या उन्हाळ्यात सीलंट लवकर सुकतं, हे लक्षात ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी उघडून बघा.

जांभ्याने बाजू चिरली तर मात्र सीलंट काही करू शकत नाही. तिथे टायरची भिंतच जाड लागते. असा टायर पातळ टायरपेक्षा दीडशे-एक ग्रॅमने जड असतो, जोडीमागे ३०० ग्रॅम. वरच्या गणिताने २,००० मीटर चढाईत त्याची किंमत अर्धा मिनिट. हा सौदा मी डोळे झाकून करेन.

हवेचाही विचार करा. अंगठ्याने दाबून 'टणक' होईपर्यंत हवा भरायची सवय रस्त्यावरच्या सायकलची आहे. ७० किलोच्या माणसाला २.२५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये २२ ते २६ पीएसआयच्या आसपास पुरतात. त्यापेक्षा जास्त हवेने सायकल दगडावर उड्या मारते, पकड सुटते आणि ताकद वाया जाते. हवा कमी करायला पैसे लागत नाहीत.

'चाकावरचा ग्रॅम दुप्पट' हे अर्धसत्य

दुकानात हमखास ऐकू येणारं वाक्य: चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम. वेग वाढवताना हे जवळपास खरं आहे, कारण रिमवरचं वजन पुढेही न्यावं लागतं आणि फिरवावंही लागतं. पण घाटात तुम्ही एकसारख्या वेगाने चढत असता. तिथे ग्रॅम तो ग्रॅमच, मग तो चाकावर असो की बाटलीत. मॅरेथॉनमध्ये बहुतेक वेळ चढात जातो, म्हणून महागड्या हलक्या चाकांचा फायदा जाहिरातीत दिसतो तेवढा मिळत नाही.

माझी निवड साधी असेल. मजबूत अॅल्युमिनियमची रिम, २८ किंवा ३२ स्पोक आणि स्पोक वाकड्या मानेचे. असा स्पोक योग्य मापाचा मिळाला की चाकं नीट बांधणारा कुठलाही कारागीर तो बसवू शकतो. एका विशिष्ट कंपनीचा सरळ स्पोक तुटला तर कुरिअरची वाट बघावी लागते.

गिअर: मधला दर्जा पुरेसा

शिमानोच्या १२ स्पीड, १०-५१ कॅसेटची वजनं बघा. डिओरे सुमारे ५९३ ग्रॅम, एसएलएक्स ५३४, एक्सटी ४७०, एक्सटीआर ३६७. डिओरे सोडून एक्सटी घेतली तर १२० ग्रॅमच्या आसपास वाचतात. २,००० मीटर चढाईत ते सुमारे १२ सेकंद. किमतीतला फरक मात्र १२ सेकंदांएवढा लहान नसतो. शिवाय वजन कमी होतं ते मोठ्या दातेरी चकत्यांमध्ये पोलादाऐवजी अॅल्युमिनियम किंवा टायटॅनियम वापरल्यामुळे. अॅल्युमिनियमचे दाते चिखलात लवकर झिजतात.

चांगली बाब ही की या चारही दर्जांचे १२ स्पीड पार्ट एकमेकांसोबत चालतात. आज डिओरे लावा, कॅसेट झिजली की ऐपतीप्रमाणे वरची घ्या. मात्र या कॅसेटला 'मायक्रो स्प्लाइन' हब लागतो. तुमचा हब जुन्या पद्धतीचा असेल तर डिओरेची ११ स्पीड, ११-५१ कॅसेट त्यावर बसते. नवा हब घेण्याचा खर्च वाचतो आणि घाटातला सर्वांत हलका गिअर तेवढाच मोठा राहतो.

पुढची चकती ३० किंवा ३२ दात्यांची ठेवा. ३२ आणि ५१ या जोडीवर मिनिटाला ६० पेडल मारले तर वेग ताशी पाच किलोमीटरच्या थोडा वर राहतो. दमलेल्या पायांना शेवटच्या चढावर हाच गिअर तारतो.

पैसे वाचवून एक गोष्ट नक्की घ्या: चेन तपासण्याची पट्टी. १२ स्पीडची चेन ०.५ टक्का ताणली की बदला. चेन वेळेवर बदलली नाही तर ती महागडी कॅसेट खाते.

ब्रेक, फोर्क आणि फ्रेम

चढाची चर्चा सगळे करतात, पण जीव उतारावर धोक्यात असतो. पुढे १६० ऐवजी १८० मिलिमीटरचा रोटर लावा. वजनात पन्नासेक ग्रॅमचा फरक पडेल, पण लांब घाटात ब्रेक तापून ढिले पडणार नाहीत. पावसात चालवत असाल तर धातूमिश्रित पॅड घ्या. लाल चिखल मऊ पॅड पाहता पाहता खातो. ब्रेकमधलं तेल कोणतं, हेही खरेदीआधी विचारा. डॉट तेल कुठल्याही मोटारसायकलच्या दुकानात मिळतं, मिनरल तेल सायकलच्या दुकानातूनच आणावं लागतं. पण मिनरल तेलाच्या ब्रेकमध्ये डॉट कधीही घालू नका, आतली सीलं खराब होतात.

खऱ्या अर्थाने वजन कमी करण्याची जागा म्हणजे फोर्क. स्वस्त सायकलवरचा स्प्रिंगचा फोर्क अडीच किलोंच्या आसपास असतो. १०० ते १२० मिलिमीटरचा हवेचा चांगला फोर्क त्यापेक्षा अर्धा ते एक किलो हलका असतो, शिवाय तुमच्या वजनाप्रमाणे जुळवताही येतो. इथे खर्च केलेला पैसा चढावरही कामाला येतो आणि उतारावरही.

फ्रेम घेताना दोन गोष्टी बघा. बॉटम ब्रॅकेट आट्यांचं असावं. दाबून बसवलेलं चिखल-पाण्यात लवकर कुरकुरायला लागतं. आणि मागच्या डिरेलरचा हँगर सहज मिळणारा असावा. २०१९ मध्ये आलेला 'यूडीएच' नावाचा सामायिक हँगर आता अनेक कंपन्यांच्या फ्रेमवर बसतो. हँगर मुद्दाम मऊ धातूचा बनवतात, म्हणजे पडल्यावर तो वाकेल आणि फ्रेम वाचेल. तो वाकणारच, असं धरून एक सुटा हँगर खिशात ठेवा.

कार्बनचं हँडल आणि सीटपोस्ट मी शेवटी घेईन. त्यात १००-१५० ग्रॅम वाचतात खरे, पण बोल्ट टॉर्क रेंचनेच आवळावे लागतात. जोरात पडल्यावर आत तडा गेला तर तो बाहेरून दिसेलच असं नाही. घाट उतरताना हँडल तुटणं ही शर्यत हरण्याची नव्हे, दवाखान्यात जाण्याची गोष्ट आहे.

मग हलकेपणाला अर्थच नाही का?

आहे. पहिल्या तिघांत येणाऱ्यांमध्ये काही सेकंदांचाच फरक असतो. त्यांच्यामागे मेकॅनिक असतो, सुटे पार्ट असतात, अनेकदा प्रायोजकही असतो. त्यांनी जरूर ग्रॅम मोजावेत. पण आपल्यापैकी बहुतेक जण पगारातून किंवा घरच्यांकडून पैसे घेऊन वर्षभरात एक सायकल उभी करतात. त्यांच्यासाठी शर्यत पूर्ण करणं हेच पदक असतं. एक लिटर पाणी एक किलोचं असतं. वाटेत पाणी कुठे मिळेल हे आधी नीट ठरवलं, तर एका बाटलीत जेवढं वजन वाचेल तेवढं वाचवायला दुकानात हजारो रुपये मोजावे लागतात.

सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. त्यातून जे वाचेल ते आधी टायर, मग फोर्क, मग ब्रेक या क्रमाने लावा. चाकं, गिअर आणि कार्बन त्यानंतर.

शर्यतीला जाताना सोबत ट्यूबलेसचे प्लग, एक ट्यूब, चिरलेल्या टायरला आतून लावायला जुन्या टायरचा तुकडा, १२ स्पीडची क्विक लिंक, हँगर, मल्टीटूल आणि पंप ठेवा. सगळं मिळून अर्धा-पाऊण किलो होईल. हे वजन कुरकुर न करता वाहा. रविवारी सकाळी बामणोलीच्या वाटेवर क्विक लिंक विकत मिळत नाही. आणि सराव करताना कासच्या फुलांच्या पठारावर सायकल घालू नका. मुरुमाची वाट हवी असेल तर चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडे जा.

आपल्या भागाला हे सगळं नवं नाही. सांगली जिल्ह्यात १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या उद्योगाची सुरुवात १८८८ मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानातून झाली. सायकल विकायची तर ती दुरुस्तही करता आली पाहिजे, हा त्या काळाचा साधा हिशेब होता. पार्ट निवडताना मला तो आजही पटतो. दुकानात हलका पार्ट हातात आला की एकच प्रश्न विचारा: हा घाटात तुटला तर मी घरी कसा येणार? दुकानदाराकडे त्याचं उत्तर नसेल, तर पार्ट परत ठेवा.