बन्सेनचा डोळा
या आठवड्यात एका शाळेच्या प्रयोगशाळेत ‘आग’ असं रंगवलेली लाल बादली दिसली: तळाशी वाळू, वर पेन्सिलीची टरफलं आणि चॉकलेटचा एक कागद. परीक्षानळ्या, चंचुपात्रं लख्ख धुऊन पालथी घातलेली, स्पिरिटचे दिवे ओळीत. डोळ्यांना लावायचा चष्मा मात्र औषधालाही नाही. बन्सेनसाहेबांनी हे पाहायला हवं होतं. १८५५च्या सुमारास हायडेलबर्गला ज्यांच्या नावाचा बर्नर तयार झाला, त्यांचा एक डोळा आर्सेनिकच्या एका संयुगाच्या स्फोटात आधीच गेला होता. (बर्नर प्रत्यक्ष घडवला पीटर डेसागा या कारागिराने; पण कारागिराचं नाव कोण लक्षात ठेवतो!) शाळेत तसले स्फोट होत नाहीत, मान्य. पण परीक्षानळी नुसती तळाशीच तापवली की आतलं द्रावण एकदम उसळतं, आणि नळीचं तोंड नेमकं शेजारच्याकडे असतं. सल्फ्युरिक आम्लात पाणी ओतलं, तर ते उष्णतेने जागीच उकळून अंगावर उडतं. म्हणून आम्ल पाण्यात, थोडंथोडं, कांडीने ढवळत. हे प्रत्येकाच्या जर्नलात सुवाच्य अक्षरात असतं, खाली बाईंची सही. स्पिरिटचा दिवा टोपण घालून विझवायचा, हेही असतं; तरी वाढदिवसाची सवय ओठांवर येतेच. चष्म्याविना तापवण्याचा किंवा आम्लाचा एकही प्रयोग शाळेने घेऊ नये; स्मार्ट बोर्ड मागाहून आणा. पाहुण्यांची नजर बघून शिपाईमामांनी बादलीतली टरफलं लगबगीने काढली, आणि बादली पुन्हा कपाटामागे सरकवली.